प्रथमफळाचा पंप

शिरूरच्या आमच्या घरात माणसं तीनच होती, पण गोंगाट दहा जणांचा. आई चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवायची आणि घरी स्वयंपाक चुलीवर ठेवून तिचा सराव चालायचा. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पपा मोटारींचे डायनमो, हॉर्न आणि सेल्फ उघडून बसलेले असायचे. आणि मी, मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली आणि इंग्रजीत नापास झालेली एकोणीस वर्षांची घोडी, कॉइल गुंडाळायचं हातयंत्र घरघर फिरवत असायचे. तांब्याची तार बोटांतून सरकताना मोजणी चुकू नये म्हणून मी आईच्या पेटीच्या ठेक्यावर वेढे मोजायचे, आणि आईनं मध्येच भाजी हलवायला पेटी थांबवली की माझा घोळ व्हायचा. मग मी तिच्यावर ओरडायचे, ती माझ्यावर, आणि पपा दोघींवर. भाकरी करपल्याचा वास आणि वॉर्निशचा वास एकत्र आला की मला अजून त्या घरात गेल्यासारखं वाटतं.

पपा आधी मिशनच्या दवाखान्याची मोटार चालवायचे. जुनी विलायती गाडी होती, तिला पेट्रोल ओढायला विजेवर चालणारा पंप होता. एकदा न्हावऱ्याच्या रस्त्यावर तो पंप अडला. ड्रायव्हर लोक करतात तसं पपांनी पान्यानं त्याला ठोकलं, आतले करंट जोडणारे पॉइंट घासले, पुन्हा ठोकलं. पाऊण तास गेला. मागच्या सीटवर बाळंतीण होती. ती दवाखान्यात जिवंत पोचली नाही. डॉक्टर, चर्चचे पाळकसाहेब, त्या बाईचा नवरा, कुणीही पपांना एक शब्द बोललं नाही. पपांनीच गाडीची चावी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि घरी येऊन शेड टाकली. त्या दिवसानंतर ते कधी हसले नाहीत असं काही नव्हे, पण पंपाचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

या पंपाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, म्हणजे पुढचं समजेल. पंपाच्या एका टोकाला कॉइल आणि पॉइंट, दुसऱ्या टोकाला पेट्रोल, आणि मध्ये कापडाचा पडदा. करंट मिळाला की कॉइल पडद्याला ओढते, पॉइंट उघडतात, करंट तुटतो, स्प्रिंग पडद्याला परत ढकलते. अशी दर फेरीला एक टिक. चावी फिरवली की पंप भरभर टिकटिकतो, आणि इंजिनाला पेट्रोल देणारा कार्बुरेटर भरला की गप्प बसतो. इंजिन बंद असताना तो गप्प बसला तर तब्येत ठणठणीत. गप्प न बसता टिकटिकत राहिला, तर पेट्रोल कुठंतरी गळतंय. पपा म्हणायचे, "गप बसला त्यो पंप खरा." हे वाक्य ते पंपापेक्षा माझ्याकडे बघूनच जास्त वेळा म्हणायचे.

आताच्या गाड्यांत हा पंप टाकीत बुडवलेला असतो. नातवानं चावी फिरवली की मागच्या सीटखालून क्षणभर बारीक गुणगुण येते. मी कानातलं यंत्र नीट बसवून ती ऐकते. नातू म्हणतो, आजी, तू काय नाडी बघतेस का गाडीची? मी म्हणते, होय बाबा, एकदा चुकले होते.

त्या काळी आमच्या भागात अशा जुन्या गाड्या बऱ्याच होत्या. साहेब लोक परत जाताना विकून गेलेल्या. त्या बागायतदारांनी घेतलेल्या. पंपाचे सुटे भाग मिळायचे बंद झाले होते. पॉइंट ठिणगीनं जळायचे आणि पडदे म्हाताऱ्या माणसाच्या चामड्यासारखे कडक व्हायचे. पपांनी ठरवलं, नुसती दुरुस्ती करायची नाही, पंपच सुधारायचा. ठिणगी कमी करायला त्यांनी पॉइंटला कंडेन्सर जोडला. कॉइलचे वेढे मी तीन वेळा बदलले. नवी बॉडी दौंडच्या मामांनी कातून दिली. ते रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. पडद्यासाठी पपांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून विमानाच्या भंगारातलं रोगण दिलेलं कापड आणलं, बायका पैठणीला हात लावतात तसं ते त्याला हात लावायचे. सगळं जमून आलं आणि आमचा पहिला पंप शेडमधल्या फळीवर, पेट्रोलच्या डब्यातून पेट्रोल ओढत, आठ दिवस दिवसभर चालला. अडला नाही, तापला नाही, थेंब गळला नाही. आठव्या दिवशी पपा फळीपुढं टोपी काढून उभे राहिले. मी हसणार होते, पण त्यांचे डोळे भरलेले बघून मलाही रडू आलं.

आणि मग उपकारस्तुतीचा रविवार आला. पीक घरात आलं की आमच्याकडे हा सण असतो. ज्याच्या हाताचं जे पहिलं, ते देवाचं. त्याला प्रथमफळ म्हणतात. कुणी बाजरीचं पोतं आणतं, कुणी कोंबडी, कुणी अंडी, आणि उपासना झाल्यावर चर्चच्या अंगणात चिंचेखाली सगळ्याचा लिलाव होतो. लिलावाला गावातले हिंदू, मुसलमान सगळे येतात. आम्हाला शेत नव्हतं. दरवर्षी आई लोणच्याची बरणी द्यायची. त्या वर्षी पपा म्हणाले, "औंदा माजं पीक आलंय. पंप द्यायचा."

आईनं विचारलं, "एकच तर हाय. धा-पाच झाल्यावर द्या की एक."

"मग त्यो पयला राहील का?" पपा म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "मार्थे, यातला पडदा काढ आन् नवा घाल. आठ दिस वापरलेला पडदा देवापुढं ठेवायचा न्हाई."

सगळी चूक इथं आहे. दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीनं आठ दिवस चाललेल्या पंपाला हात लावला नसता. पण आमच्या घरात देवापुढं ठेवायची वस्तू निर्दोष हवी, आणि निर्दोष म्हणजे कोरी, असं पपांनी धरलं. जो पडदा पारखून झाला होता तोच उष्टा ठरला.

शनिवारी पपा चर्चमध्ये मंडप बांधायला गेले आणि मी पंप उघडला. जुना पडदा लाखेनं कडेला चिकटला होता, काढताना त्याची चिरफाड झाली. पडदा एकावर एक ठेवलेल्या थरांचा असतो; उरलेल्या कापडातून मी नवे थर कापले. शेवटच्या थराला भोक पाडताना पंच सरकला आणि भोकापासून मधल्या बाजूला करंगळीएवढी चीर गेली. दुसरा तुकडा नव्हता. पपांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, राहू दे, देऊ नको. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आठ दिवसांनंतर त्यांचा चेहरा पुन्हा पडलेला बघायची माझी तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर, माझ्या हातून बिघडलं हे कबूल करायची तर त्याहून नव्हती. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन समोर होतं. चिरेवर लावलं, वाळवलं, ओढून बघितलं. घट्ट. तो थर मधोमध दडवला, सहा स्क्रू आवळले, पाच मिनिटं चालवून बघितला. नळीचं तोंड दाबल्यावर बरोबर गप्प बसला. मग मी पेट्रोलच्या फडक्यानं बोटं पुसली आणि आईला लसूण सोलून द्यायला गेले.

रविवारी चिंचेखाली चटयांवर बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पाळकसाहेबांनी पंप दोन्ही हातांत उचलला आणि म्हणाले, "आपल्या दानिएल मिस्त्रींचं प्रथमफळ." लोकांना आधी कळेना काय आहे. मग मांडवगण फराट्याचे आबा पुढं सरकले. भरदार माणूस, मोठी बागायत, आणि तीच जुनी विलायती गाडी; पंप अडला की ते गाडीला आईमाईवरून शिव्या द्यायचे आणि लगेच कान धरायचे. दौंडचा एक लाकडाचा व्यापारी त्यांच्यावर बोली चढवत होता. दोघं इरेला पेटले होते, सगळे हसत होते, पपा खाली बघत होते पण त्यांचे कान लाल झाले होते. मी नखाखाली राहिलेला सोल्युशनचा काळा कण खरवडत बसले होते. तो निघेना. मनात आलं, घरी गेल्यावर पेट्रोल लावलं की निघेल.

आणि माझं नख तिथंच थांबलं. पेट्रोलनं जे बोटावरून निघतं, ते पेट्रोलमध्ये पडद्यावर कसं टिकेल? वाळलेलं सोल्युशन पातळ करायला आपण पेट्रोलच तर घालतो. पाच मिनिटांत काही होणार नव्हतं. पण तासाभरात ते सुटेल, चीर उघडेल, तिच्या ओढीनं शेजारचे थरही फाटतील, आणि पेट्रोल पडद्याच्या पलीकडे, जिथं पॉइंटची ठिणगी पडते तिथं जाईल.

बोली आबांना सुटली. टाळ्या झाल्या. मी उठले नाही. आबांची गाडी कुंपणाबाहेरच होती. पपांनी तिथंच जुना पंप काढून नवा बसवला. मी पपांच्या मागं हातभरावर उभी होते, पान्यावर पाना देत होते. चावी फिरवली, पंप भरभर टिकटिकला आणि गप्प बसला. लोक "वा मिस्त्री" म्हणाले. आबांची सून मांडीवर वर्षाचं पोर घेऊन मागच्या सीटवर बसली होती. तिचं माहेर भीमेपलीकडच्या राहू गावी, आबा तिला तिकडं पोचवायला निघाले होते. तिनं माझ्याकडे बघून पोराचा हात हलवला. मीही हात हलवला. गाडी गेली.

त्यानंतर प्रीतिभोजन. मटणाचा रस्सा, भात आणि कांदा. माझ्यापुढं ताट वाढलं आणि मी नुसता भात चिवडत बसले. आई समोर बसली होती. दौंडच्या रेल्वेच्या चाळीत वाढलेली बाई. इंजिनाचा आवाज बदलला की तिला कळायचं, तर लेकीचा श्वास बदललेला कळणार नाही? ती हळूच म्हणाली, "काय केलंस?" काय झालं असं नाही, काय केलंस.

मी उठून पुरुषांच्या पंगतीत गेले आणि पपांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. पपांचा घास हातात तसाच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला. खरकट्या हातानं उठले, पाळकसाहेबांकडे गेले आणि त्यांची फटफटी मागितली. "बस मागं," एवढंच मला म्हणाले.

न्हावऱ्यापर्यंतचा रस्ता तेव्हा खडीचा होता. मी चर्चची साडी गुडघ्यात गोळा करून, दोन्ही हातांनी पपांचा सदरा धरून बसले होते. त्यांच्या हाताला रश्शाचा वास येत होता. बाजरीच्या वाळल्या ताटांच्या, सरमाडाच्या बैलगाड्या रस्ता अडवून चाललेल्या, पपा त्यांना शेतातून वळसा घालत होते. लांब शेतात उसाच्या पाचटाचा धूर दिसला की मी मान उंचावून त्यात गाडी शोधायचे. मी मनात प्रार्थना करत होते, पण प्रार्थना तरी काय करायची? देवा, तुझ्यापुढं ठेवलेल्या वस्तूत मी खोट दडवली, तेवढी तू सांभाळ? मला माझीच लाज वाटत होती. न्हावऱ्याला सायकलवाल्यानं सांगितलं, "आबा? मगाशीच गेलं की. बॉनेट उघडून पंप दावला आमाला!" पपांनी त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

भीमेच्या अलीकडे एका फाट्यावर गाडी दिसली. हॉटेलपुढं उभी, बॉनेट उघडं, भोवती दहा-पंधरा माणसं. चार पावलांवर हॉटेलची भट्टी फुललेली, तिच्यावर भज्यांची कढई. सून पोराला घेऊन गाडीतच बसली होती. आबा पंपाकडे बोट दाखवून सांगत होते, "ऐका, ऐका! इंजान बंद हाय, तरी गडी चालूच! थांबतच न्हाई. आमचा जुना दोनदा टिकटिकला की दमायचा. ह्यो लई ताकदीचा हाय."

टिक. टिक. टिक. सावकाश, न थांबता. आणि पेट्रोलचा वास.

पपा फटफटी चालती सोडूनच उतरले, ती आडवी पडली. "आबा, चावी! चावी बंद करा!" आबांना काही उमगेना. एका पोरसवदा गड्यानं पंपाच्या वायरीला हात घातला, "ही उपटू का?"

"वायरीला हात लावू नगं!" पपा असे ओरडले की तो गडी मागं पडला. वायर उपटली असती तर ठिणगी तिथंच, त्या पेट्रोलवर पडली असती. मी तोवर गाडीच्या दारापाशी पोचले होते. दार अडकत होतं. सून आतून घाबरून बघत होती, पोर झोपलेलं. मी खिडकीतून कमरेपर्यंत आत घुसले आणि चावी फिरवली.

पंप गप्प बसला. तो गप्पपणा मला आजही ऐकू येतो.

सुनेला आणि पोराला उतरवून गाडी ढकलत लांब नेली, हॉटेलवाल्यानं भट्टीवर माती टाकली. पपांनी पंप उघडला तेव्हा कॉइलच्या बाजूनं वाटीभर पेट्रोल बाहेर आलं. मधला थर उसवला होता, शेजारचे फाटले होते आणि सोल्युशनचा चिकट दोरा लोंबत होता. आबांनी विचारलं, "ह्ये काय?" पपांनी तोंड उघडलं. मला ठाऊक होतं ते काय म्हणणार, चूक माझी म्हणणार. म्हणून मीच आधी बोलले. चीर कशी पडली, कशी दडवली, सगळं.

आबांनी शांतपणे ऐकलं. "लिलावाच्या टायमाला तुला ठावं व्हतं?"

"होय."

"माजी सून आन् नातू आत बसली तवा?"

"होय."

"मंग गप का बसलीस?"

मी वाकून सोल्युशनचा तो लोंबणारा दोरा तोडून टाकला. साठ वर्षं होत आली, तो प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. आबा पपांना म्हणाले, "तुमचा पंप घेऊन जावा मिस्त्री. आमी एष्टीनं जातो." सुनेनं जाताना माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला ते बरं वाटलं. तिनं बघितलं असतं तर मी तिथंच कोसळले असते.

परतताना पपा फटफटी हळू चालवत होते. न्हावरा मागं पडल्यावर ते म्हणाले, "मार्थे, पंप बसवला तवा त्यो गप बसला. मग जरा येळानं आणीक एक टिक आली. ऐकलीस?"

"होय," मी म्हणाले.

"मी बी ऐकली."

वाऱ्यात मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पपांनी मान वळवली नाही. "समदी वा मिस्त्री म्हणत व्हती. मी म्हणलं, आसंल एखादी." मग पुढची उतरण सांभाळून ते म्हणाले, "त्या बाळंतिणीनंतर मी सोताला सांगितलं व्हतं, पंपाचा शब्द कवाच खाली पडू द्यायचा न्हाई. आन् पयल्याच टिकेला पाडला." त्यांच्या पाठीवर कपाळ टेकून मी रडले. आपल्या बापाला आपल्याइतकंच भ्यालेलं बघणं फार वाईट असतं, आणि त्यानंतर आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पपा एष्टीनं त्या फाट्यावर गेले आणि आबांचा जुना पंप घासूनपुसून गाडीला बसवून आले. मग शेडमध्ये आम्ही दोघं बसलो. त्या वर्षभरात आम्ही जी खरी सुधारणा केली ती पॉइंटची नव्हती, कॉइलचीही नव्हती. आजवर आम्ही पंप अडू नये म्हणून झटत होतो. आता प्रश्न उलटा घातला: पडदा फाटणारच आहे, कधीतरी, कुणाच्यातरी हातून, फाटला तर काय व्हावं? पडदा आणि पॉइंट यांच्यामध्ये आम्ही आणखी एक कप्पा ठेवला, त्याला खालून भोक. पेट्रोल पलीकडे गेलंच तर पॉइंटपर्यंत चढण्याआधी खाली रस्त्यावर सांडेल, ड्रायव्हरला वास येईल, गाडी थांबेल. माणूस चुकला तरी माणूस मरू नये, एवढंच. मामांनी बॉडी पुन्हा कातली. मी फाटका पडदा मुद्दाम घालून तो पंप तीन दिवस चालवला आणि दर तासाला पॉइंटवर बोट फिरवून बघितलं. कोरडे.

पुढच्या उपकारस्तुतीला पपांनी तोच पंप ठेवला, वापरलेला, ओरखडे पडलेला. कोरं काही ठेवायचं नाही, असं या वेळी दोघांनीही ठरवलं होतं. पाळकसाहेबांनी तो उचलला. गेल्या वर्षीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बोली कुणीच लावेना. पपा खाली बघत होते, पण कान लाल नव्हते, पांढरे पडले होते. तेवढ्यात कुंपणाच्या कडेला उभे असलेले मांडवगणचे आबा पुढं आले. ते येतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पपा काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"मिस्त्री, तुमी थांबा. पोरीला इचारतो." ते बायकांच्या चटईकडे वळले. "काय गं, ह्यात काय खोट हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या चर्चच्या मंडळीत तेव्हा पुरुषांच्या देखत बाई उभी राहून बोलत नसे. आईनं माझ्या पाठीला हात लावला, आणि मी उभी राहिले.

"पडदा चार वर्षांच्या वर टिकायचा नाही," मी म्हणाले. "फाटला की पेट्रोल खालच्या भोकातून गळेल. वास आला की गाडी थांबवायची, चावी बंद करायची आणि माझ्याकडं यायचं. पॉइंट थंडीत एखाद्या वेळी चिकटतात, ते अजून मला जमलेलं नाही."

आबांनी क्षणभर माझ्याकडे निरखून बघितलं. मग पाळकसाहेबांकडे वळून त्यांनी पहिली बोली लावली.